स्पीकरचा पडदा हलत होता...

मंडळी, आधीच सांगून टाकतो... भुताखेतांच्या बाबतीत मी अगदी कोरडा माणूस. देवासच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करण्यात जन्म गेला. बिघाड आहे म्हणजे कारण आहे, एवढाच आमचा धर्म. मित्र अमानवीय किस्से रंगवू लागले की मी मध्येच विचारायचो, "अन् भूत कोणत्या शिफ्टला होतं?" तेव्हा पुढचं वाचून ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. माझी पाळी आहे.

गोष्ट २००३ च्या आसपासची. आमचं मूळ घर धारला. आई जाऊन दोन-तीन महिने झाले होते आणि वडील, म्हणजे आमचे नाना, तिथे एकटेच राहत होते. दर महिन्याला आईच्या मासिक श्राद्धासाठी मी गाडी घेऊन धारला जायचो आणि येताना नानांना चार दिवस देवासला आणायचो. घाटाबिल्लोद, इंदूर, देवास... अडीच-तीन तासांची वाट. गाडीत आम्ही दोघंच.

इथे आमच्या घराण्याची एक रीत सांगायलाच हवी. आमच्याकडे मुलगा वडिलांशी थेट बोलत नाही. पणजोबा संस्थानी दरबारात होते, तेव्हापासूनची ही शिस्त. नाना समोर बसलेले असले, तरी मी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचो, "आई, नानांना विचार, गाडी घेऊ का?" आणि नाना पेपरातून डोकं न काढता, "त्याला म्हणावं, घे. पण हळू चालव." बाहेर मी एवढा बोलघेवडा, पण नानांपुढे माझी जीभ टाळूला चिकटायची.

आई गेली आणि निरोप्याच गेला. त्यात एक गोष्ट राहून गेली होती. आईला इंदूरच्या हॉस्पिटलात हलवायचं मी ठरवलं होतं... नानांना न विचारता. तिला घरीच राहायचं होतं. चौथ्या दिवशी ती हॉस्पिटलातच गेली. नाना त्यावर एक अक्षर बोलले नव्हते. ते काय म्हणतील याची मला धास्ती होती, आणि ते काहीच म्हणणार नाहीत याचीही.

पहिल्या दोन फेऱ्यांतली शांतता मला सोसली नाही. म्हणून मी पुढच्या दोन्ही दारांत नवे स्पीकर बसवून घेतले. हौस वगैरे काही नाही, शांतता झाकायला!

धारला जाताना मी एकटा होतो. भजनांची कॅसेट काय खणखणीत वाजली! येताना नाना डाव्या सीटवर बसले, दार लागलं आणि आवाज गुल. टेपचा दिवा चालू, कॅसेट फिरतेय, दोन्ही दारं मुकी. देवासला नाना उतरून घरात गेले... आणि स्पीकर ओळीच्या मधूनच गायला लागले.

स्पीकर बसवणारे रफीकभाई देवासचेच. त्यांनी जाळी काढली आणि कपाळाला हात लावला. "ये क्या है भिया? कुंकू? चावल?"

आमच्या सौभाग्यवतींचं काम. घरात मिक्सर येवो की पंखा, कुंकवाचं ओलं बोट लागल्याशिवाय तो सुरू होत नाही. स्पीकरला तिने जाळीतून आतपर्यंत पुजलं होतं, अक्षतांसकट!

"जनेऊ भी करवा देते इनका," रफीकभाई म्हणाले.

सगळं साफ केलं. कारण सापडलं म्हणून मी खूश. पुढच्या महिन्यात नाना बसले... स्पीकर पुन्हा मुके! मग दाराच्या बिजागरीजवळ वाकणारी वायर बदलली. प्लस-मायनस तपासलं. नानांच्या वजनाने सीटखाली काही दबतंय का, म्हणून त्यांच्या दुप्पट वजनाच्या रफीकभाईंनी स्वतः बसून पाहिलं. स्पीकर मजेत वाजत होते.

"अबके मैं साथ चलूंगा," ते म्हणाले. "इज्जत का सवाल है."

तर त्या दुपारी आम्ही तिघं धारहून निघालो. आवाज नव्हताच. घाटाबिल्लोदच्या अलीकडे एका लिंबाखाली गाडी थांबवली. नाना डाव्या सीटवर, समोर बघत. रफीकभाईंनी माझ्या बाजूचा स्पीकर उघडला, मीटर लावला. काटा हलत होता.

"करंट तो बरोबर आ रिया है..." त्यांनी स्पीकरच्या पडद्यावर बोट टेकवलं आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी माझा हात धरून माझं बोट तिथे ठेवलं.

पडदा हलत होता. तबल्याचा ठेका मला बोटाला कळत होता, सम सुद्धा कळली. आणि कानाला काही नाही. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, तो स्वच्छ ऐकू आला.

"मैं चाय पी के आता हूं," म्हणून रफीकभाई जे टपरीकडे निघाले, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी आत येऊन बसलो.

"त्याला म्हणावं..." नाना म्हणाले आणि थांबले. गाडीत तिसरं कोणी नव्हतं. मग तसेच, समोर बघत, "त्याला म्हणावं, त्या दिवशी मला काही ठरवता आलं नाही. मी नुसता अंगणात उभा होतो. त्याने ठरवलं."

जन्मात पहिल्यांदा मी थेट म्हणालो, "नाना, तिला घरी राहायचं होतं."

"ठाऊक आहे. मलाही सांगितलं होतं तिने." आता त्यांनी मान वळवली. "तरी मी तुला अडवलं नाही ना? मग एकट्याने कशाला वाहतोस ते?"

पुढे इंदूर केव्हा आलं, केव्हा मागे पडलं, कळलं नाही. रफीकभाई मागच्या सीटवर मीटर मांडीत धरून बसले होते.

आता तुम्ही विचाराल, कारण काय? मंडळी, मला माहीत नाही. हलणाऱ्या पडद्याला आवाज का नसावा, हे मी चार इंजिनिअरांना विचारलं. चौघांनी मला आधी पाणी दिलं. नाना गाडीत असताना ते स्पीकर नंतर वाजले असते का, तेही सांगू शकत नाही... मशीनवाला असूनही ती साधी चाचणी माझ्याकडून राहिली. नाना पुढे सहा वर्षं होते. एकदा मुद्दाम तपासावं म्हणून टेपच्या बटणाकडे हात नेला होता.

"काय करतोस?" नाना म्हणाले. "मी बोलतोय ना."