शेजारच्या सीटवरचं काम

गावातली कुठलीही गाडी आजारी पडली की ती डॉक्टरकडे जायची. डॉक्टर म्हणजे गॅरेजवाले. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून, मूठ कानाला लावून ते डोळे मिटून ऐकत, म्हणून हे नाव पडलं. ऐकून झालं की मालकाकडे असे काही बघत, की त्या बिचाऱ्याला आधी स्वतःचीच तब्येत दाखवून घ्यावीशी वाटे. आणि अशा या माणसाची स्वतःची पिकअप गेले दोन महिने चढावर उकळत होती.

चढ पलीकडच्या शहराच्या वाटेवर होता आणि त्या शहरात, लेकीकडे, त्यांची बायको होती. लेकीला जुळं झालं तेव्हा "महिनाभर जाऊन येते" म्हणून ती जावयाच्या गाडीतून गेली, त्याला आता पाच महिने होत आले. जाताना बाळांचे कपडे शिवायला म्हणून शिलाई मशीन घेऊन गेली. डॉक्टरांना धास्ती होती ती या मशीनची. महिनाभरासाठी माणूस दोन पिशव्या नेतं, लोखंडी पायांचं मशीन नेत नाही. शिवाय घर इतकं गप्प झालं होतं की जेवताना स्वतःच्या चावण्याचा आवाज यायचा, आणि तो त्यांना अजिबात आवडला नव्हता. त्यात आता लेक म्हणायला लागली होती, "आई, तू इथेच राहा ना कायमची." बायकोनं हे फोनवर सांगितलं, पण स्वतः काय म्हणाली ते नाही.

"मी येतो न्यायला," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले होते. "मशीन पिकअपमध्ये टाकू."

दोनदा निघाले. दोन्ही वेळा सपाटीवर पिकअप शहाण्या मुलीसारखी पळाली, आणि चढ अर्धा होतो न होतो तोच बोनेटमधून वाफ. दोन्ही वेळा पाण्याचा कॅन तिच्या घशात ओतून मुकाट्यानं परत. शेजारचा वेल्डर नेमका दारात.

"काय डॉक्टर, वहिनी मागं हौद्यात बसल्यात का?"

"तू तुझं वेल्डिंग बघ."

"बघतोच आहे. गावाच्या गाड्या बऱ्या करता, आणि घरच्या पेशंटचा ताप उतरेना."

मग मात्र डॉक्टर पिकअपच्या मागंच लागले. तापलं की पाण्याला वाट करून देणारा थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात टाकला. तो वेळेवर उघडला. रेडिएटर उतरवून धुतला, त्याचं झाकण बदललं, बेल्ट ताणला, पाण्याचा पंप हलवून पाहिला, होज पाइप डाव्या उजव्या हातानं चेपून पाहिले. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून अर्धा तास बसले. इंजिन मजेत होतं. पंचवीस वर्षं ही बया चढ चढत आली, कधी उकळली नाही. मग यंदाच हिच्यात नवीन काय बिघडलं? हाच प्रश्न ते तिला विचारत राहिले, आणि तिथंच फसले.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. पलीकडे एक बाळ रडत होतं आणि दुसरं त्याला साथ देत होतं.

"अहो, तापमानाचा काटा कुठवर जातो?"

"लालला टेकतो. नवीनच दुखणं आहे काहीतरी."

"नवीन कुठलं? ती तर कायमच तापायची."

डॉक्टर खुर्चीत सरळ झाले. "मला कधी दिसलं नाही ते."

"तुम्हाला कसं दिसेल? तुम्ही लोकांच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवण्यात गुंग. काटा मी बघायची. वर सरकला की हळूच हीटर लावायची."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यातच. इंजिनाची धग आत आली की काटा उतरतो, तुम्हीच एका गिऱ्हाइकाला सांगत होतात. पाय भाजायचे म्हणून वर घेऊन बसायची, तर तुम्ही म्हणायचात, ही काय पलंगावर बसली आहे का."

"आणि ते वळणावर थांब थांब म्हणायचीस?"

"इंजिन निवायला."

"मला वाटायचं, तुला दरी बघायला आवडते."

"दहा वर्षं त्याच दरीत काय बघायचंय?"

बायकोला निसर्गाचं भारी वेड आहे, असं डॉक्टरांनी निम्म्या गावाला सांगून ठेवलं होतं. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून तापते?" प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हाच प्रश्न पहिल्यांदा विचारत.

"आपण त्या खांबाला धडकलो ना, तेव्हापासून."

"धडकलो नव्हतो. टेकलो होतो."

"बरं, टेकलो."

टेकल्यावर रेडिएटर उतरवावा लागला होता. तेव्हा फॅनभोवतीचं काळं प्लास्टिकचं कडं चिरलं होतं, ते डॉक्टरांनी "मग बघू" म्हणून बाजूला टाकलं होतं. कड्याशिवाय फॅन रेडिएटरमधून हवा ओढायची सोडून आसपासचीच गरम हवा घुसळत बसतो. सपाटीवर वेगाचा वारा सांभाळून घेतो, पण चढावर गाडी रांगायला लागली की सगळा भार फॅनवर. दहा वर्षं तो उघडा फॅन डोळ्यांसमोर होता, आणि रोजचा म्हणून दिसत नव्हता.

कडं माळ्यावर सापडलं. डॉक्टरांनी चीर तारेनं शिवली आणि ते जागच्या जागी बसवलं. रात्रीच बायकोला तसं कळवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ते निघाले. पिकअप चढली. काटा निम्म्याच्या खाली, हूं की चूं नाही. तो कुणाला तरी दाखवावा म्हणून डॉक्टरांनी डावीकडे पाहिलं. डावीकडची सीट रिकामी होती. वळण आलं तसे ते सवयीनं थांबले आणि त्यांनी फोन लावला.

"वळणावर आहे."

मागून लेकीचा आवाज आला. "आई, बाबांना सांगितलंस का, तू राहते आहेस ते?"

बायको म्हणाली, "कडं बसवलंत ना? म्हणजे आता मी शेजारी असले काय नि नसले काय. काटा कुठं आहे?"

डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं.

"चढतोय," ते म्हणाले.

"कडं बसवूनही?"

"बसवूनही. वय झालं तिचं. माझ्या एकट्याच्यानं नाही व्हायचं. बघायला कुणीतरी पाहिजे शेजारी."

मग बायको लेकीला म्हणाली, "अगं, ते मशीन दाराशी आणून ठेवायला सांग." आणि फोनवर, "ऐकलंत का? तशीच दामटू नका. चांगला तासभर निवू द्या, मग निघा. मी घड्याळ लावून बसते."

ती खरंच लावून बसणार, यात शंका नव्हती. शहर तिथून जेमतेम चाळीस मिनिटांवर होतं आणि इंजिन कधीचं तयार होतं. डॉक्टर खाली उतरले, कठड्यावर बसले आणि तास भरायची वाट बघू लागले.