प्रायमरी साईट: वीटभट्टी

जव्हारला लोक थंड हवा खायला जातात, धबधबे बघायला जातात. मी गेले कॅन्सर शिकवायला. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "बाहेर असं म्हणू नकोस गं. लोक दारं लावून घेतील."

तर आधी खुलासा. मी नाशिकला कॅन्सर नोंदणी केंद्रात काम करते. कोणत्या गावात कुणाला, शरीराच्या कोणत्या भागात कॅन्सर झाला, याची नोंद आम्ही ठेवतो. या कामातले नियम बदलत राहतात, त्यामुळे नोंद करणाऱ्यांनाही अधूनमधून नव्याने शिकावं लागतं. पण शिबिरं होतात मोठ्या शहरांत आणि पुस्तकं असतात इंग्रजीत. जव्हार-मोखाड्याच्या सिस्टर तिथवर कशा येणार? मग मीच तिकडे जाते, असं मी आमच्या शेंडे मॅडमना सांगून टाकलं. घरातली पहिली पदवीधर असल्यामुळे मला ज्ञान वाटायची जरा घाईच असते.

मॅडम म्हणाल्या, "जा. शेवटी चाचणी घ्या. सगळे पास झाले तर प्रशिक्षक म्हणून तुमचं नाव पक्कं. नाहीतर डेटा एन्ट्रीची खुर्ची आहेच." त्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो. मला ती नको होती.

नाशिकहून त्र्यंबकमार्गे जव्हारची एसटी सकाळीच पकडा, म्हणजे खिडकी मिळते. त्र्यंबक सुटलं की घाट लागतो, रस्ता वळणावळणाचा आणि खड्ड्याखड्ड्यांचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी मागच्या सीटवर बसू नये. मी मागेच बसले होते, कारण माझ्यासोबत ऑफिसचा ओव्हरहेड प्रोजेक्टर होता. पारदर्शक कागदावरचं चित्र भिंतीवर मोठं करून दाखवणारं हे यंत्र वजनाला पाट्यावरवंट्यासारखं.

"ताई, शिलाई मशीनचं लगेज लागेल," कंडक्टर म्हणाले.

"शिलाई मशीन नाही हो. याने भिंतीवर चित्र दिसतं."

"चालतं कशावर?"

"लाईटवर."

त्यांनी तिकीट फाडलं आणि माझ्याकडे फार मायेने बघितलं. "मग जव्हारला कशाला नेताय?"

याचा अर्थ ग्रामीण रुग्णालयाच्या हॉलमध्ये पोचल्यावर कळला. सिस्टर, लॅबवाले, क्लार्क, सगळे वेळेवर हजर होते. हजर नव्हती ती वीज. लोडशेडिंग संध्याकाळपर्यंत होतं. मी धावत बाजारात गेले. तिथे रशीदभाईंचं मंडप आणि स्पीकर भाड्याने द्यायचं दुकान आहे.

"जनरेटर आहे ना," रशीदभाई म्हणाले, "पण आज निकाहला गेलाय. उद्या या. उद्या तुमच्याच नावाने ठेवतो."

"माझं आजच आहे, भाई."

"शादी आहे का?"

"कॅन्सरचं शिबिर आहे."

"मग शादीवाल्यांना कसं सांगू, की तिकडून काढून इकडे द्या?" ते म्हणाले. हे पटण्यासारखंच होतं. त्यांनी मला चहा पाजला आणि मी हात हलवत परतले.

शरीराच्या आकृत्या मी रंगीत पेनांनी रात्री जागून काढल्या होत्या. त्या पिशवीतच राहिल्या आणि मी तोंडी शिकवलं. मुख्य नियम एकच: आजार अंगात पसरला तरी जिथे सुरू झाला तीच जागा नोंदवायची. स्तनातून यकृतात गेला, तर नोंद स्तनाची. आमच्या भाषेत याला प्रायमरी साईट म्हणतात. तो शब्द मी पुन्हा पुन्हा, टेबलावर बोट आपटून सांगितला. "दुसरी साईट, तिसरी साईट असू शकते. आपण लिहायची पहिलीच!" सगळे मनापासून माना डोलवत होते. एक लॅबवाले तर म्हणाले, "बरोबर आहे, मॅडम. हे कुणी विचारतच नाही." मी हवेत.

मग चाचणी. काल्पनिक रुग्ण सोमीबाई, गाव दाभोसा, डाव्या स्तनात गाठ, नंतर आजार यकृतात पसरला. प्रायमरी साईट कोणती?

पहिला कागद उचलला. उत्तर: वीटभट्टी, भिवंडी.

वाटलं, कुणी चेष्टा केली. दुसऱ्या कागदावर वीटभट्टी, वसई. तिसऱ्यावर होतं, "दिवाळीपर्यंत रोजगार हमी, रस्ता. नंतर भट्टी." सगळा हॉल नापास.

"भोये सिस्टर, हे काय आहे?" मी रडवेल्या आवाजात विचारलं. सिस्टर मूळच्या दाभोशाच्या, तिथल्या कर्मचाऱ्यांत सगळ्यात जुन्या.

"साईट," त्या शांतपणे म्हणाल्या. "सोमीबाई दिवाळीनंतर गावात राहते का, मॅडम? मुकादम नेतो तिला साईटवर. पहिली भिवंडी, मग दुसरीकडे. तुम्हीच म्हणालात, पहिली लिहा."

"अहो, मी शरीराचं बोलत होते!"

"मग शरीर म्हणायचं ना. आम्ही आपसात म्हणत होतो, बाई वयाने लहान आहे, पण चौकशी बरोबर करते." आणि त्यांना जे हसू फुटलं ते हॉलभर पसरलं. शेवटी मीही हसले. दुसरं काही हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, भोये सिस्टर मला त्यांच्या गावी घेऊन गेल्या. दाभोशाला जव्हारहून जीप मिळते. ती भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली आहे की नाही हे ड्रायव्हर ठरवतो, तुम्ही नाही. हिवाळ्यात धबधबा बारीक असतो, पण गर्दी नसते आणि दरीत उतरताना पाय घसरत नाही. मला विचाराल तर याच दिवसांत जा. सिस्टरांच्या घरी नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचलेली मिरची असं जेवण झालं. माझ्या नाकातून पाणी यायला लागलं, तरी मी आणखी वाढून घेतलं.

गावात घराघरांना कुलपं होती. ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, सगळे कुठे गेले?"

"पोरां गेली साईटवर," त्या म्हणाल्या. "पानी पडला का येतील."

सिस्टरांनी मला कोपराने ढोसलं.

परतीच्या वाटेवर, सोमवारी, मोखाड्याचं शिबिर होतं. वीज तिथेही नव्हती, पण आता मी प्रोजेक्टरवर ओढणी टाकून त्याला कोपऱ्यात बसवलं. साईट हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असं ठरवून 'उगम' म्हटलं. "आजाराचा उगम कुठे?" पोशेऱ्याच्या सिस्टर म्हणाल्या, "उगम म्हटला की आम्हाला त्र्यंबक आठवतं, मॅडम. गोदावरीचा." मी घाबरून सरळ विचारलं, "आजार अंगात कुठून निघाला?" आणि बोट स्वतःच्या अंगावर ठेवून दाखवत गेले. यावेळी सोमीबाईचं उत्तर सगळ्यांनी बरोबर लिहिलं.

ऑफिसात शेंडे मॅडमनी चाचणीचे दोन्ही गठ्ठे तपासले. मोखाड्याच्या गठ्ठ्यावर मान डोलावली. जव्हारचे कागद एकेक करून वाचले.

"सगळे चुकलेत," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि सगळे एकसारखे चुकलेत. म्हणजे चूक शिकवणारीची आहे." मला डुगडुगता पाय दिसायला लागला. "परत जा जव्हारला. ते पास होईपर्यंत तुमचं नाव पक्कं नाही. आणि मराठीत शब्दांची एक पुस्तिका करा, इंग्रजी न येणाऱ्याला कळेल अशी. यंत्र इथेच ठेवा." मग चष्मा काढत म्हणाल्या, "सहा-सहा महिने भट्टीवर असणाऱ्या माणसाची नोंद आपण कोणत्या गावात करतो हो?"

आम्ही दोघींनी नियमांचं पुस्तक उघडलं; त्यात हे कुठेच नव्हतं. आता पुस्तिकेत तो प्रश्न घातलाय: वर्षातून किती महिने गावाबाहेर, आणि कुठे.

घरी हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. आई हसून लोळली. बाबा हसले नाहीत. ते भिंतीला टेकून पायाच्या भेगांत साचलेलं सिमेंट खरवडत होते. ते गवंडी आहेत.

"तुला साईट म्हणजे काय ते माहीत नव्हतं?" त्यांनी विचारलं. "मग मी रोज सकाळी डबा घेऊन कुठे जातो, असं वाटत होतं तुला?"