देव उजव्या हाताला ठेवून

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. हे वाक्य इथे असे अनुभव सांगणारे सगळेच लिहितात, म्हणून माझं जरा खुलासेवार सांगते. महाडच्या एका शाळेत माझी अख्खी नोकरी विज्ञान शिकवण्यात गेली. मधल्या सुट्टीत मुली पिंपळावरच्या बाईच्या गोष्टी रंगवून सांगायला लागल्या की मी त्यांना विचारायची, पुरावा काय? बिचाऱ्या गप्प बसायच्या. आज तुम्ही मला तेच विचारलंत तर मीही गप्पच बसणार आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. आमचे हे बँकेत होते, पण बँक फक्त पोटासाठी. शनिवारी दुपारी शटर खाली आलं की यांची सॅक पाठीवर. महाड-पोलादपूरच्या डोंगरातली एकही वाट यांनी सोडली नव्हती. शिवथरच्या खोऱ्यापासून कुडपणच्या पठारापर्यंत कुठल्या वाडीत कुणाची म्हैस व्यायली आहे तेही यांना ठाऊक असायचं. घरातला गॅस कधी संपला, ते मात्र नाही.

यांना प्रवासवर्णन लिहायचं होतं... धुकं, एकांत, मनातले विचार वगैरे. पुण्याचे प्रकाशक म्हणाले, ते राहू द्या, आम्हाला गाइड हवं. एसटी कुठून सुटते, पाणी कुठे मिळेल, मुक्काम कुठे करायचा, वाट कुठे फुटते. हे आठवडाभर रुसले आणि मग लिहायला बसले. हे बोलायचे आणि मी लिहून घ्यायची, कारण यांचं अक्षर डॉक्टरांनाही लाजवेल असं होतं. मधूनच एखादा सूर्यास्त घुसडायचे, तो मी गाळायची. "अगं, एक तरी ठेव!" म्हणून भांडायचे. शेवटी निळ्या कव्हरचं छोटंसं पुस्तक निघालं, मागे यांचा फोटो, टोपी घातलेला, आणि खाली आमचा पत्ता — चुका आढळल्यास कळवाव्यात. ते पुस्तक हातात आलं त्या दिवशी हे जेवले नाहीत, नुसतं उलटंपालटं करून बघत बसले. यांना इतकं खूश मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आता ती चूक सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. कुडपणच्या पठारावर चढणारी एक जुनी वाट आहे. नाव देत नाही, उगाच कोणी बघायला जाईल. त्या वाटेवर खिंडीत मधोमध शेंदूर लावलेला एक दगड आहे, वाटेवरचा देव. पायथ्याच्या वाडीतल्या लोकांची रीत अशी की चढताना असो वा उतरताना, देव आपल्या उजव्या हातालाच ठेवायचा. चढताना ते देवाच्या डावीकडून जातात आणि दगड ओलांडला की लगेच उजवीकडे, मूळ वाटेवर परत येतात. हे कोणी कोणाला सांगत नाही. लहानपणापासून पायांना सवय असते.

हे त्या वाटेने फक्त उतरले होते. चढायचं कसं, ते वाडीत विचारलं. म्हातारे म्हणाले, "देव उजव्या हाताला ठेवायचा नि वर जायचं." त्यांनी रीत सांगितली, यांनी ती वाट समजून पुस्तकात घातली — "देव उजव्या हाताला ठेवून सरळ चढत राहावे." आता देवाच्या डावीकडून सरळ चढत राहिलं तर गवताचा एक माळ लागतो. पावसाळ्यानंतर तिथे गवत छातीएवढं वाढतं. आणि तो माळ जिथे संपतो तिथे जमीनच संपते. खाली सरळ कडा.

पहिल्याच हंगामात मुंबईचे एक गृहस्थ आमच्या दारात येऊन उभे राहिले. सोबत त्यांची कॉलेजातली मुलगी. ती दोन पावलं आणखी पुढे गेली असती तर संपलं होतं, असं ते सांगत होते. "पुस्तकं लिहिता की माणसं मारता?" एवढं बोलून त्यांनी पुस्तक उंबऱ्यावर टाकलं आणि गेले. यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. तेव्हापासून यांची झोप उडाली. "कुणीतरी जाईल गं. माझ्या शब्दावर जाईल," एवढंच म्हणायचे. दुसऱ्या आवृत्तीसाठी स्वतः चढून, बघून, नीट लिहून आणतो म्हणाले.

शेजारच्या हनीफभाईंचा टेम्पो होता, एमआयडीसीतला माल न्यायचे. त्यांनी यांना वाटेच्या पायथ्याशी सोडलं. वाडीत हे चहा प्यायले, खिंडीकडे जाताना लोकांनी पाहिलं... आणि तिथून पुढे कोणीही पाहिलं नाही.

पोलीस आले, पुण्या-मुंबईचे ट्रेकर आले, वाडीतली माणसं दोर लावून कड्याखाली उतरली. टोपी नाही, सॅक नाही, चप्पल नाही. काहीच नाही. माझ्या सासरकडच्यांनी दिवस घालायचं म्हटलं, मी नाही म्हणाले. कुंकू पुसलं नाही. पुराव्याशिवाय मी काहीही मानत नव्हते, मग हे तरी कसं मानू?

त्याच हिवाळ्यात एका रविवारी संध्याकाळी डोंबिवलीचं एक जोडपं घरी आलं. हातात निळं पुस्तक, मिठाईचा पुडा. "सर आहेत का? त्यांचे आभार मानायचे होते. काल त्यांच्यामुळे वाचलो."

मला वाटलं, कोणीतरी क्रूर थट्टा करतंय. मी त्यांना आत घेतलं, बसवलं आणि वर्गात उलटतपासणी घ्यावी तशी घेतली. ते सांगत होते — खिंडीतून ते सरळ वर चढले. गवतात पुढचं काही दिसत नव्हतं. अचानक समोर टोपी घातलेला एक माणूस बसलेला दिसला, त्यांच्याकडे तोंड करून, कड्याकडे पाठ. म्हणाला, "पुस्तक बघून आलात? काय लिहिलंय, वाचा बघू." त्यांनी वाचलं. तो म्हणाला, "चूक आहे. माझीच आहे. सुधारायला आलोय." मग उठून त्यांना खिंडीत परत घेऊन गेला, देवाजवळची वाट दाखवली. त्या दोघांनी म्हटलं, सर, तुम्हीही चला ना. "माझं काम व्हायचंय अजून," म्हणाला आणि परत गवताकडे गेला.

मी त्यांना पुस्तकाच्या पाठीमागचा फोटो दाखवला. बाई म्हणाली, "अहो, हेच तर. म्हणून तर शोधत आलो."

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मी हनीफभाईंबरोबर तिथे गेले. खरं सांगते, मला आनंद झाला होता. डोक्याला मार लागला असेल, आठवण गेली असेल, डोंगरात कुणाच्या तरी गोठ्यात राहत असतील. बायको ओरडली की सगळं आठवेल! टेम्पोत मी यांच्यासाठी स्वेटर घेऊन बसले होते. तिथे गवत होतं आणि वारा होता. घसा बसेपर्यंत हाका मारल्या.

परतताना वाडीतल्या एका म्हातारीने, भागाबाईंनी, मला ओट्यावर बसवून पाणी दिलं. मी विचारलं, तुम्हाला कधी दिसले का हो?

"नाय गो बाय. आमाला कशाला दिसंल? आमी चुकत नाय ना."

मी त्यांच्यावर चिडले. असं काय बोलता म्हणाले. त्या नुसत्या माझा हात धरून बसल्या.

नंतर आणखी लोक आले. एमआयडीसीतले केमिस्ट, रविवारी फिरणारे. साताऱ्याचे एक मास्तर. या लोकांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, तरी सगळे तेच सांगायचे. टोपी, कड्याकडे पाठ आणि तीच वाक्यं. प्रत्येकजण माझ्या दारात हसतमुखाने यायचा आणि माझ्याकडून खरं कळल्यावर पांढरा पडून जायचा. त्यांच्यापैकी कोणाचीही मी तेव्हा किंवा नंतर चूक काढू शकले नाही, आणि चुका काढण्यात माझा हात कोणी धरत नव्हतं.

मी स्वतः किती वेळा गेले याला गणती नाही. पुस्तक घेऊन गेले, मोठ्याने वाचत गेले. देव उजव्या हाताला ठेवून सरळ चढले, गवतात शिरले, मुद्दाम चुकले. पण मुद्दाम चुकणं म्हणजे चुकणं नव्हे. प्रत्येक ओळ माझ्या हातची, पुढे कडा आहे हे मला माहीत. धुक्यातही गेले, पाय बरोबर जागेवर थांबायचे. तिथे बसून एकदा मी यांना पोटभर शिव्या दिल्या. लोकांना भेटता, मिठाया मिळवून देता, आणि मी? या की आता घरी... कोणी आलं नाही. त्या दिवशी मी जितकी रडले तितकी आई गेली तेव्हाही रडले नव्हते.

याच सुमारास पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला. पहिली आवृत्ती संपत आलीये, दुसरी छापायची आहे, त्या खिंडीची ओळ दुरुस्त करून पाठवा.

एकच ओळ. मला पाठ होती. "देव ओलांडताच लगेच उजवीकडच्या वाटेला लागावे." दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, पाठवते. आणि पाठवली नाही. पुन्हा फोन आला, पुन्हा पाठवते म्हटलं. लोक चुकले तरच हे दिसतात. चूक सुधारली तर कोण चुकणार? मग माझ्या दारात कोण येऊन सांगणार, काल सर भेटले म्हणून?

हनीफभाईंना मी हे बोलले. वाटलं, ते तरी समजावतील, एवढ्या शिकलेल्या बाईने असं बोलू नये म्हणतील. ते म्हणाले, "भाभी, मी बी तुमच्या जागेवर आसतो तर नसती पाठवली. पण कोणाची तरी पोर हाय ना ती, वर जानारी."

"पण ते वाचवतात ना सगळ्यांना! एकालाही काही झालंय का?"

"आजपावेतो नाय झालं," एवढंच म्हणाले ते.

तरीही मी थांबले असते. खोटं कशाला बोलू. पण त्या हंगामाच्या शेवटी ते साताऱ्याचे मास्तर पुन्हा आले. त्यांच्या ओळखीतला एक ग्रुप त्याच वाटेने गेला होता आणि त्यांनाही हे भेटले होते. मास्तर आत येऊन बसले, चहा घेतला नाही. म्हणाले, "वहिनी, सांगू की नको असं झालंय. ते लोक म्हणाले, सर फार थकलेले वाटले. उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठले. आणि जाताना सरांनी विचारलं, नवी आवृत्ती आली का हो?"

मी उठून आत गेले. ओट्याशी उभी राहिले. माझा नवरा तिथे उन्हात, थंडीत माझी वाट बघत बसलाय आणि मी त्याला नुसता एका ओळीसाठी अडकवून ठेवलाय, असं वाटलं. हे वाटणं मूर्खपणाचं आहे हे कळत होतं. पण ते खोटं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. मी त्याच दिवशी ओळ लिहिली आणि पोस्टात टाकून आले. येताना रस्त्यावर लोक बघत होते इतकी रडत होते.

दुसरी आवृत्ती निघाली. तेच निळं कव्हर, आत बरोबर वाट. मी एक प्रत घेऊन खिंडीत गेले आणि देवापुढे ते पान उघडून वाचलं. दुसरं काय करणार! त्यानंतर माझ्या दारात कोणी आलं नाही. रविवारी संध्याकाळी मी दार उघडं ठेवून बसायची. कोणीच नाही. लोक नीट वर जात होते, नीट उतरत होते. हनीफभाई म्हणाले, सुटले असतील भाभी. मीही तसंच मानायला लागले. दिवस घातले, कुंकू पुसलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा शांत झोपले.

पुढच्याच हिवाळ्यात पोलादपूरच्या दवाखान्यातून हनीफभाईंना बोलावणं आलं, टेम्पो घेऊन या म्हणून. ते मला सोबत घेऊन गेले, का ते मला तिथे पोचल्यावर कळलं. त्याच कड्याखाली एक मुलगा मरून पडलेला सापडला होता, पनवेलचा, नुकता नोकरीला लागलेला. त्याचे दोन मित्र व्हरांड्यात बसले होते. एकाच्या हातात निळं पुस्तक. रद्दीच्या दुकानातून घेतलेलं, पहिल्या आवृत्तीचं.

आपण नवी आवृत्ती काढतो, पण जुन्या प्रती कुठे जातात? वाचनालयात राहतात, कपाटात राहतात, रद्दीत जातात. आम्ही दोघांनी जन्मभर पुस्तकं विकत घेतली आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

मी त्या मुलांपाशी गेले. विचारू नये, हे कळत होतं. तरी विचारलं, "वर गवतात कोणी बसलेलं होतं का रे? टोपी घातलेलं?"

त्यातला एकजण माझ्याकडे बघतच राहिला. "नाही काकू. कोणीच नव्हतं. कोणी असतं तर..." आणि तो ओक्साबोक्शी रडायला लागला.

मला याचं स्पष्टीकरण देता येत नाही. हे तिथे होते का, असले तर कोण होते, आणि माझ्या एका ओळीने ते सुटले की फक्त उठून गेले... मला काहीच माहीत नाही. मी बरोबर वागले की चूक, हेसुद्धा मला कोणी अजून सांगू शकलेलं नाही, आणि आता हनीफभाईही नाहीत विचारायला. तुमच्याकडे निळ्या कव्हरचं ते छोटं गाइड असेल, तर कितवी आवृत्ती आहे ते बघा. पहिली असेल तर खिंडीचं पान फाडून टाका. तिथे आता कोणी बसलेलं नसतं.