डोंग्याचा दोर

अमरावतीत सकाळी गिलावडा (दह्यात भिजवलेला वडा) खाताना सुनंदा म्हणाली, "पोटभर खा. बेटावर हॉटेल नाही." मला पोहता येत नाही, बेटाच्या नावानेच धास्ती वाटते हे तिला ठाऊक होतं, तरी फिरकी घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

ती अकोल्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मोर्शीकडच्या धरणात बुडालेल्या टेकड्यांचे माथे आता बेटं होऊन उरलेत. कुठल्या बेटावर काय काय जगतं, हे ती मोजते. मी आपली पुण्याहून आलेली हौशी मदतनीस.

रस्ताभर पऱ्हाटी (कपाशी) हिरवीगार होती. मग धरण दिसलं. डोंगा (लहान होडी) वल्हवणारे धनराजभाऊ दूरच्या डोंगरांकडे बघत म्हणाले, "तिकडं पानी पडून राहिलं. लवकर आटपा, बाई."

बेट जेमतेम एका शेताएवढं. भाऊंनी डोंगा चिखलात ओढून बाभळीला बांधला आणि सावलीत आडवे झाले. आम्ही दोराने जमिनीवर चौकट आखायची, आतलं गवत, किडा-मुंगी टिपायची, मग पुढची चौकट. एकीजवळून ससा उठला तेव्हा सुनंदाने टाळ्याच पिटल्या. मोठ्या चौकटीला दोर कमी पडला, तर तिने खुशाल डोंग्याचा सोडून आणला.

"चिखलात रुतलाय, जातोय कुठे!"

मीही मान डोलावली.

थोड्या वेळाने पाण्याकडे पाहिलं तर चिखल नव्हता. डोंगाही नव्हता, तो दूर डुलत चालला होता. मी भाऊंना हाक मारली.

"दोर काहून सोडला?" भाऊ दचकून उठले. "हालू नका इथून!" आणि त्यांनी पाण्यात उडी घेतली.

वारा सुटला. त्यांचं डोकं लाटांत दिसे, नाहीसं होई. पाणी आमच्या खालच्या चौकटीवर चढलं, मग तिच्या वरचीवर. सुनंदाने माझा हात घट्ट धरला होता. ह्या माणसाला काही झालं तर, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

शेवटी वल्ह्याचा आवाज आला. भाऊंना धाप लागली होती. "बसा. बोलू नका."

निघताना उंचवट्यावर ससा दिसला, कान टवकारलेला.

"भाऊ, त्याला घेऊ या ना," सुनंदा म्हणाली.

"त्याच्यामांगं धावाले वेळ नाही, बाई. पानी चढून राहिलं."

पुण्यात सगळे विचारतात, बिबट्या दिसला का? ससा दिसला म्हटलं की हसतात. पाणी उतरल्यावर सुनंदा पुन्हा मोजायला जाणार आहे, मलाही बोलावलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. पाण्याला तर मी भितेच, पण त्या उंचवट्यावर काहीच दिसलं नाही तर, ह्याला जास्त भिते.