लाईट आली आणि सभा पांगली

पुण्याहून सकाळच्या एसटीत बसले तेव्हा एका हातात गुंडाळलेला नकाशा होता, दुसऱ्या हातात प्रोजेक्टर आणि पर्समध्ये कोरी करकरीत व्हिजिटिंग कार्डं. "केलेलं काम लोकांना सांग, ओळखी वाढव," हा आमच्या सरांचा मंत्र. परिषदेत मी अशी कार्डं मूठमूठ वाटली होती. एकाचाही फोन आला नाही.

आता बोरी बुद्रुकच्या शेतकऱ्यांना भूजलाची गोष्ट सांगायची होती. माझा खरा लोभ मात्र तिथल्या शांताकाकूंच्या, नकाशातल्या खडकाच्या भेगेवर येणाऱ्या विहिरीवर. तिच्यात वर्षभर पाणीपातळी टिपणारं यंत्र सोडायचं होतं. काकूंनी नाही म्हटलं तर माझा प्रबंध लंगडाच राहणार.

"ताई, मोटरीचा पाईप हाय का त्यो?" कंडक्टरने नकाशाकडे बोट दाखवलं. मी हसून तो मांडीवर घेतला.

नारायणगावला उतरून जीपने वस्तीवर पोचले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याची हिरवीगार रोपं. शाळेच्या खोलीत माणसं जमली होती, पण वीज नव्हती. तोवर मी काकूंना गाठलं.

"माझ्या हिरीत (विहिरीत) यंत्र नको बाई," काकू म्हणाल्या. "उद्या कुणी म्हनंल, सरकार पानी मोजतंय."

बांधापलीकडचे त्यांचे दीर गणपतभाऊ मिशीत हसले. "वहिनींची हीर त्यांच्या खडकात, माझी माझ्या. हिच्यात काय बघायचं?"

एवढ्यात पंखा फिरला, प्रोजेक्टर पेटला. मी घसा खाकरला. "लाईट आली!" कुणीतरी ओरडलं आणि अख्खी सभा मोटरी लावायला पळाली. पडद्यावर माझं नाव झळकत होतं, समोर रिकामी सतरंजी! मला इतकं हसू फुटलं की विचारू नका.

मग मीही पाणीपातळी मोजायची फीत घेऊन पळाले. काकू बटणाशी पोचल्याच होत्या.

"काकू, चहा होईस्तोवर मोटर लावू नका. एवढंच!"

"आन माझी लाईट गेली म्हंजे?" त्या कुरकुरल्या, पण थांबल्या.

मी फीत विहिरीत सोडली. टोक पाण्याला टेकलं की ती पिपाणीसारखी वाजते. ती वाजत होती. बांधापलीकडे गणपतभाऊंची मोटर घरघरली. चहा आला, निम्मा पिऊन झाला आणि पिपाणी गप्प झाली. फीत बोटभर खाली सोडली, वाजली. थोड्या वेळाने पुन्हा गप्प.

काकूंनी कप खाली ठेवला. "माझी मोटर तर बंद हाय."

"तुमचं आणि भाऊंचं पाणी खडकातल्या एकाच भेगेतून येतं, काकू."

"भावजी!" काकूंनी बांधावरून हाक मारली. "इकडं या, तुमी माझं पानी पिताय!"

गणपतभाऊ आले, वाकून बघितलं, डोकं खाजवलं. "लई झालं राव. म्हंजे आपुन इतकी वर्सं आपल्याशीच शर्यत लावली."

दुपारी काकूंनी मासवडी वाढली (नावात मासा असला तरी आत तीळ-खोबऱ्याचं सारण, माशाचा पत्ता नाही). झणझणीत रश्शाने माझं नाक वाहू लागलं. डिंभ्याला दिलेली त्यांची लेक सुनीता माहेरी आली होती. मी कार्ड पुढे केलं.

"कार्ड ऱ्हाऊ द्या, ताई, नंबर सांगा. आमच्यासमोर एवढं धरन, पर उन्हाळ्यात वाडीचा झरा आटतो. तुमी याच. सासूबाईंचं माहेर जुन्नरकडं, तिथं बी सांगते."

सरांना हव्या असलेल्या ओळखी अशा सोयरिकीच्या वाटेने चालत आल्या. संध्याकाळी यंत्र विहिरीत उतरलं. काकूंनी आधी त्याला हळदकुंकू लावलं. त्या रात्री मी काकूंकडेच राहिले.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत मंचर मागे पडलं तोच काकूंचा फोन.

"ताई, लाईट आलीया. आज भावजींची मोटर आधी, माझी दुपारून. तुमच्या यंत्राला कळंल ना?"

"कळेल की, काकू!"

"मग दाखवायला या. त्यो पडदा आनू नका."

मी खिडकीशी वेड्यासारखी हसत बसले. परिषदेत माझ्या नकाशाची तारीफ पुष्कळांनी केली होती. त्यापायी कुणी मोटर थांबवली नव्हती.