मतदानाआधीची पंपिंग टेस्ट

पाणी उडालं तेव्हा बोअर पाडणाऱ्या रिगवरच्या माणसांच्या आधी अण्णांचे कार्यकर्ते नाचले. कॉम्प्रेसरच्या दाबानं पांढरट, गढूळ पाणी झाडाच्या उंचीवर जात होतं आणि खाली माणसं तोंड वर करून भिजत होती. बायांनी त्या चिखलपाण्याखालीही घागरी धरल्या. निकालासाठी आणून ठेवलेला गुलाल कुणीतरी तिथंच उधळला.

"अण्णा, शीट पक्की झाली तुमची," एक जण म्हणाला.

अण्णा जिल्हा परिषदेवर एकदा निवडून आले होते, आता पुन्हा उभे होते. मुरुडच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. कपाळावर भस्म, आवाज हळू. मागं निवडून आले तेव्हा सभेला उस्मानाबादला जावं लागे. आता लातूर वेगळा जिल्हा झाला होता.

मी भूवैज्ञानिक. जमिनीखाली पाणी कुठं आहे, किती आहे आणि उपसलं तर काय होईल, हे सांगणारा सरकारी माणूस. लोहा भागातली कामं अर्धवट सोडायला लावून मला नांदेडहून इकडं पाठवलं होतं. जिल्हा नवा होता, स्टाफ अपुरा होता, दुष्काळ मात्र पुरेपूर होता.

बोअरचा पॉइंट मी येण्याआधीच ठरला होता. माझ्याकडं राहिली होती पंपिंग टेस्ट. म्हणजे पंप दिवसभर चालवायचा आणि बोअरचं व आसपासच्या विहिरींचं पाणी किती उतरतं ते मोजायचं. आपल्याकडं खाली काळा पाषाण. पाणी राहतं त्याच्या भेगांत. एकच भेग चार शेतांखालून जाते. दोन घरांनी एकाच माठात तांब्या घालावा, तसं होतं मग.

गावांची नावं सांगत नाही. अण्णांचं ते वरचं गाव. ओढ्यापलीकडं खालचं गाव. खालच्या गावाला पिण्यासाठी एकच विहीर उरली होती. ओढ्याच्या काठचा खडक पाहिला आणि मला शंका आली, की बोअरला लागलेली भेग तिकडंच जाते.

आमच्या ऑफिसातल्या साहेबांना सांगितलं.

"टेस्ट मतदानानंतर करा," साहेब म्हणाले. "पाणी लागलंय, लोक खूश आहेत. मधे खोडा कशाला घालता?"

"सर, खालची विहीर..."

"विहीर काय पळून जाते का?"

मी तसाच मुरुडला अण्णांच्या दुकानात गेलो. बाहेर भोंगा लावलेली जीप उभी होती. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"खालच्या इहिरीत आज किती पाणी हाय?"

"कमरेइतकं."

"आन् आमचा पंप लागला की?"

"टेस्ट केल्याशिवाय सांगता येत नाही. साहेब म्हणतात, मतदानानंतर."

अण्णा गादीवर बसल्या बसल्या कापडाच्या ठाणावरून हात फिरवत राहिले.

"नंतर कळलं तर मी काय करू, साहेब? ज्यांनी पाण्यासाठी मत दिलं त्यांचं पाणी तोडू, का खालच्यांची इहीर आटू देऊ? उद्याच करा. तुमच्या साहेबांना म्हणावं, उमेदवारानंच मागितली."

साहेबांना नाही म्हणता आलं नाही. पण अडचण वेगळीच होती. टेस्ट चालू असताना त्या विहिरीतून कुणी पाणी शेंदायचं नाही. शेंदलं तर उतरलेलं पाणी पंपानं उतरलं की पोहऱ्यानं, हे कसं कळणार? ऐन उन्हाळ्यात, एकुलत्या एका विहिरीबद्दल हे सांगायचं, आणि तेही खालच्या गावात. अण्णांच्या विरोधात उभे असलेले माधवराव त्याच गावचे.

उजाडताच आम्ही विहिरीवर पोचलो. माधवराव तिथंच होते.

"काय अण्णा, आमच्या गावात मतं मागाया आलात का?"

"मतं न्हाई मागत. तुमची इहीर मागतो, आजच्या दिवसापुरती."

अण्णांनी सगळं उभ्याउभ्या सांगितलं. बायांच्या रांगेत पुढं गयाबाई म्हणून एक वयस्क बाई होत्या. त्यांनी विचारलं, "आन् पाणी उतरलं तर?"

"पंप बंद. मी सोता जाऊन बंद करतो."

गयाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग मागं वळून म्हणाल्या, "भरून घ्या गं आत्ताच. मग दिवस मावळेपर्यंत कुणी पोहरा टाकायचा न्हाई."

आणि कुणी टाकला नाही. पत्र्यावर हात ठेववत नव्हता असं ऊन होतं. बाया लिंबाखाली रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या, लेकरं पाणी मागत होती, घरून आणलेल्या तांब्यातलं घोटघोट दिलं जात होतं. समोर पाणी असलेली विहीर. माझ्या नोकरीत मी बऱ्याच टेस्ट केल्या. असं गाव पाहिलं नाही.

पाण्याच्या कडेला दगडावर मी रंगाची रेघ ओढली आणि पलीकडं पंप चालू करायला सांगितला. बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, माझीच शंका खोटी. मग दुपारी रेघेखाली दगडाची ओली पट्टी दिसू लागली. आधी बोटभर, पुढं वीतभर.

हे पुस्तकात वाचलेलं होतं. तरी अंगावर काटा आला. ओढ्यापलीकडच्या पंपाचा आवाजही इथं येत नव्हता आणि इथली विहीर डोळ्यांदेखत खाली जात होती. अण्णा आणि माधवराव एकाच काठावरून वाकून बघत होते.

"असंच चाललं तर?" शेवटी माधवरावांनी विचारलं.

"थोड्याच दिवसांत तळ दिसेल."

अण्णांनी चपला घातल्या आणि उन्हातून ओढा ओलांडून चालत गेले. पंप बंद झाला. दिवस मावळेपर्यंत ती ओली पट्टी हळूहळू पाण्याखाली गेली.

परत आल्यावर अण्णांनी विचारलं, "दोन्ही गावं जगतील असं काय करता येतं?"

"पंप सकाळी थोडाच वेळ चालवायचा. इथलं पाणी रेघेखाली गेलं की थांबवायचा."

"थांबवणार कोण?"

"ऑपरेटर."

"तो आमच्या गावचा हाय. बाया समोर उभ्या असताना न्हाई थांबायचा." मग ते म्हणाले, "स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावा. किल्ली गयाबाईकडं द्या. रेघ बघून त्याच पेटी उघडतील, त्याच पंप बंद करतील."

माधवराव त्यांच्याकडं बघतच राहिले. मीही.

संध्याकाळी वरच्या गावात महादेवाच्या पारावर सभा झाली. मी पाषाण, भेग, रेघ सगळं समजावलं. लोकांनी ऐकलं एवढंच.

"पाणी आपल्या शिवारातलं आन् किल्ली त्यांच्याकडं?"

"लई झालं अण्णा. मतं आम्ही द्यायची आन् पाणी माधवरावानं प्यायचं?"

अण्णांचा पुतण्या प्रचार सांभाळत होता. तो अगदी कळवळून म्हणाला, "काका, चार दिवस गप बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"यांनी माहीत नसताना मत दिलं असतं," अण्णा म्हणाले. "तसलं मत घेऊन मी यांच्याच दारावरून कसा जाऊ?"

अर्धी सभा उठून गेली. दुसऱ्या दिवसापासून अण्णा घरोघर फिरले आणि प्रत्येक दारात किल्लीची गोष्ट स्वतःच आधी काढली.

अण्णा पडले. खालच्या गावानं आपल्या माणसाला मत दिलं, कुठलंही गाव देतं तसं. वरच्या गावाची मतं फुटली. मतमोजणीनंतर अण्णांनी माधवरावांना हार घातला आणि गर्दीतून माझ्याकडं आले. मी काहीतरी सांत्वनाचं बोलणार होतो.

"आज सकाळी पाणी रेघेच्या वर होतं का?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"मग बरं झालं," म्हणाले आणि दुकान उघडायला गेले.

माधवरावांनी किल्ली गयाबाईंकडंच राहू दिली. पाऊस पडेपर्यंत दोन्ही गावं त्या एका भेगेवर जगली. वरच्या गावाची कुरकुर संपली नाही, पण कुलूप कुणी तोडलं नाही.

साहेब मला म्हणाले, "सांगितलं होतं ना, नंतर करा म्हणून." पुढं नोकरीभर मात्र एक पाळलं. टेस्ट आधी करायची. नंतर केली की तिला चौकशी म्हणतात.