न घेतलेलं इंजेक्शन

देवरीच्या एका ज्युनियर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायचो. कोणी काही सांगितलं की आधी त्यात खोट शोधायची, ही माझी सवय तेव्हापासूनची. नागपूरला आम्हा मास्तरांचं प्रशिक्षण होतं. तिथे एका प्राध्यापिकाबाईंनी पडद्यावर काचेच्या बशीतल्या पेशी दाखवल्या. मूलपेशींपासून प्रयोगशाळेत घडवलेल्या हृदयाच्या पेशी. त्या सगळ्या मिळून धडधडत होत्या. छाती नाही, माणूस नाही, आणि धडधड चालू. मला वाटलं, ही फिल्मवाल्यांची करामत. जेवणाच्या सुट्टीत मी बाईंना गाठून तसं बोलूनही दाखवलं.

बाई रागावल्या नाहीत. डबा बाजूला सारून त्यांनी मला समजावलं. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, फरक कोणती चालू आणि कोणती बंद याचा. बाहेरून एखादं प्रथिन येऊन पेशीला चिकटतं. तो निरोप आतल्या आत एका रेणूकडून दुसऱ्याकडे सरकत केंद्रकापर्यंत पोचतो. तिथे काही प्रथिनं डीएनएच्या नेमक्या जागी बसून एखादं जनुक चालू करतात, आणि त्या जनुकापासून बनलेलं प्रथिन आणखी कितीतरी जनुकं चालू करतं. जी जनुकं नको, त्यांच्यावर रासायनिक खुणा बसतात आणि डीएनएचा तेवढा भाग घट्ट गुंडाळला जातो. "यात क्रम फार महत्त्वाचा," बाई म्हणाल्या. "क्रम चुकला तर पेशी भलतीच काहीतरी होते, नाहीतर मरते." हे मात्र मला पटलं, कारण यात जादू नव्हती.

पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी कामठ्याला माझे भाऊजी कवेलू, म्हणजे घराची कौलं, फेरायला छपरावर चढले आणि अंगणातल्या दगडावर पाठीवर पडले. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. भाऊजी मोजकं बोलणारे. ताई मात्र बोलून बोलून स्वतःला उभं ठेवायची. वर्षभर तिनं काढे केले, मालीश केलं, देवदेव केले.

एके दिवशी तिचा फोन आला. "पाठीत स्टेम सेलचं इंजेक्शन देतेत म्हणे. माणूस उठून चालते. एक जण घरी येऊन सांगून गेला. तू शिकवतं नं हे? मंग चाल आमच्यासंगं."

मी गेलो, पण मदतीला म्हणून नाही. त्या लोकांचं खोटं पकडायला म्हणून गेलो, हे आज कबूल करतो.

दवाखाना दुसऱ्या शहरात होता. नवीन फरशी, एसी, भिंतीवर हसणाऱ्या पेशंटांचे फोटो. सफारी घातलेल्या एका माणसानं आम्हा तिघांना आत घेतलं. "सर, टेन्शन मत लो. इन्हीं की हड्डी से सेल निकालेंगे, इन्हीं को देंगे. साइड इफेक्ट का सवाल ही नहीं." मग त्यानं कॉम्प्युटरवर एक चित्रफीत लावली. काचेची बशी, तिच्यात धडधडणाऱ्या पेशी.

"देखा? जिंदा सेल!" तो म्हणाला.

ताईचे डोळे भरून आले. मी म्हणालो, "या तर हृदयाच्या आहेत. यांच्या पाठीत हृदय घडवायचं आहे काय?"

तो हसला आणि आत जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर तरुण होते, गोड बोलणारे. मी विचारलं, "कमरेच्या हाडातल्या मूलपेशी मुख्यतः रक्ताच्या पेशी तयार करतात. पाठीत गेल्यावर त्यांची चेतापेशी कशी होणार? त्यांच्यातली ती जनुकं तर बंद आहेत. ती उघडायला कोणता निरोप देता तुम्ही? आणि कोणत्या क्रमानं?"

"जिथे गरज असते तिथे शरीर आपोआप ठरवतं," डॉक्टर म्हणाले.

"कसं ठरवतं?"

"सर, तुम्ही शिक्षक आहात. हा विषय खूप खोल आहे."

"मग आधी बऱ्या झालेल्या एखाद्या पेशंटचे कागद दाखवा."

कागद गोपनीय असतात, असं उत्तर मिळालं. ताई माझ्यावर उसळली. "तू काऊन असा आडवा येऊन राहिला? तुह्या बापाचं काय जाते हे चालाले लागले तर?" बाप तिचाही तोच होता, पण हसण्याजोगं तिथे काही नव्हतं.

भाऊजी व्हीलचेअरवरून मला म्हणाले, "डॉक्टरले जाऊ दे. तू सांग. त्या पेशी पाठीत गेल्यावर काय करतीन?"

"बहुतेक मरतील," मी म्हणालो. "एखादी राहिली तर ती काय होईल, हे या लोकांना सांगता येत नाही. पुढे कोणाला जमेलही. आज इथे जमतं, असं मला वाटत नाही."

भाऊजींनी व्हीलचेअर दाराकडे वळवली. मग म्हणाले, "चाल, घरी जाऊ."

ताई वर्षभर माझ्याशी बोलली नाही. राखीलाही तिनं बोलावलं नाही. त्या वर्षात माझा संशय माझ्यावरच उलटला. मी अडवलं ते ज्ञानापायी, की मला फक्त जिंकायचं होतं? वर्गात हा धडा शिकवताना माझा आवाज उगाच चढायचा.

मग एका दुपारी तिचाच फोन आला. जवळच्या गावातल्या एका माणसानं तेच इंजेक्शन घेतलं होतं आणि त्याच्या पायात जीव आला होता. "ये, आता डोळ्यानं पाह्य," ती म्हणाली.

ताई मला त्याच्या घरी घेऊन गेली. माणूस खाटेवर होता, बायको उशाशी बसलेली. पाहुण्यांना सांगून सांगून त्याचं बोलणं पाठ झालेलं. मी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि पेनाचं टोक पायाच्या तळव्याला लावलं. "लागलं," तो म्हणाला. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग मी पेन वर उचललं, हवेतच धरलं आणि विचारलं, "आता?"

"आता बी लागलं. जास्त लागलं."

मी आणखी दोनदा तसंच केलं. पेन कुठेच टेकलेलं नव्हतं. त्याच्या बायकोनं ते पाहिलं आणि पदराचं टोक तोंडात धरलं. ताईनंही पाहिलं.

त्यानं डोळे उघडले. "पाह्यलं नं, मास्तर?"

मी शिकवायला तोंड उघडणार, तेवढ्यात ताई खाटेजवळ सरकली. त्याच्या पायावरचं पांघरूण नीट करत म्हणाली, "हो भाऊ, पाह्यलं. मालीश करत ऱ्हाय."

रस्त्याला लागल्यावर मी तिच्या काही बोलण्याची वाट पाहत होतो. ती भराभर पुढे चालत होती. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "घरी जेवून जाय. हे तुही वाट पाहून राहिले."